एक फ्रेंच निर्वासित आणि इंग्लंडची भरभराट

इंग्लंडच्या समृद्धीचा हिशेब मांडताना भारतीय वाचकास वसाहतींतून वाहून नेलेल्या संपत्तीचा रकाना सर्वप्रथम आठवतो. दादाभाई नौरोजींनी तो रकाना भरून ठेवला असल्याने त्याचा विसर पडण्याचे कारणही नाही. इंग्रज इतिहासकार त्याच हिशेबात कोळसा, लोखंड, कापूस आणि आपल्या देशबांधवांची कल्पकता यांच्या नोंदी आग्रहाने करतात. या दोन्ही खतावण्यांत एक खाते मात्र बहुधा कोरेच राहते. ते म्हणजे देशोदेशींहून इंग्लंडच्या आश्रयास आलेल्या माणसांचे. १५६५ मध्ये नॉरिच नगराने आपला बुडत चाललेला विणकामाचा धंदा सावरण्यासाठी नेदरलंड्समधील तीस निर्वासित कुटुंबांना मुद्दाम बोलावून घेतले. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने फ्रान्समधील प्रॉटेस्टंटांचे धर्मस्वातंत्र्य हिरावून घेतल्यावर पन्नास हजारांच्या आसपास ह्यूगनॉट इंग्लंडात उतरले, आणि लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागातील रेशमी विणकाम त्यांच्या हातांनी भरभराटीस आले. १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंड स्थापन झाली तेव्हा तिचा पहिला गव्हर्नर सर जॉन हूब्लन हा अशाच एका निर्वासित घराण्याचा वंशज होता. राष्ट्राच्या तिजोरीची किल्ली ज्याच्या हाती दिली, त्याच्या पूर्वजांनी कधीकाळी जीव मुठीत धरून खाडी ओलांडली होती.

अशी नावे पुष्कळ देता येतील. परंतु निर्वासित माणूस एखाद्या देशाच्या भरभराटीत नेमकी कोणती भर घालतो आणि तो देश त्याची परतफेड कशी करतो, हे याद्यांवरून कळत नाही. त्यासाठी एका आयुष्याचा जमाखर्च सविस्तर पाहावा लागतो. २००२ मध्ये बीबीसीने सर्वश्रेष्ठ ब्रिटिश व्यक्ती कोण, यावर प्रेक्षकांचा कौल घेतला. त्यात चर्चिलच्या खालोखाल मते पडली ती इझंबार्ड किंगडम ब्रुनेल या अभियंत्याला. ग्रेट वेस्टर्न रेल्वे आणि ‘ग्रेट ब्रिटन’ ही लोखंडी आगबोट ज्याने उभी केली, तो हा ब्रुनेल. या दुसऱ्या क्रमांकाच्या ब्रिटिशाचा बाप मात्र नॉर्मंडीतील एका शेतकऱ्याचा मुलगा होता, आणि फ्रान्समधून पळताना त्याच्याजवळ प्रवासाचा खरा परवानादेखील नव्हता.

मार्क इझंबार्ड ब्रुनेलचा जन्म २५ एप्रिल १७६९ रोजी हाकव्हिल या खेड्यात झाला. घर खाऊनपिऊन सुखी होते. जमीन थोरल्या मुलाकडे जायची आणि धाकट्याने धर्मगुरू व्हायचे, ही त्या भागातील रीत. त्याप्रमाणे मार्कला अकराव्या वर्षी रूआँ येथील धर्मपीठाच्या पाठशाळेत धाडण्यात आले. लॅटिनमध्ये त्याचे लक्ष नव्हते. सुतारकाम, रेखाटन आणि भूमिती यांत होते. पाठशाळेच्या प्रमुखाने हे ओळखले आणि मुलाला धर्मकार्यात जखडून ठेवण्याचा आग्रह धरला नाही, ही त्या काळी थोडी दुर्मीळच समजूतदारी म्हटली पाहिजे. रूआँच्या धक्क्यावर इंग्लंडहून आलेले ओतीव लोखंडाचे प्रचंड यंत्रभाग उतरताना त्याने पाहिले आणि ज्या देशात अशा वस्तू घडतात तो देश एकदा पाहायचाच, असे त्या वयात ठरवले, अशी आठवण त्याचे चरित्रकार सांगतात. पुढे १७८६ मध्ये तो फ्रेंच नौदलात उमेदवार म्हणून दाखल झाला आणि सहा वर्षे वेस्ट इंडीजच्या समुद्रात राहिला.

१७९२ मध्ये तो परतला तेव्हा फ्रान्स बदलले होते. ब्रुनेल राजनिष्ठ होता आणि त्याची जीभ त्याच्या ताब्यात नव्हती. जानेवारी १७९३ मध्ये, सोळाव्या लुईचा खटला चालू असताना, पॅरिसच्या एका उपाहारगृहात त्याने रोबेस्पिएरचा अंत जवळ आल्याचे भाकीत उघडपणे केले. ते दीड वर्षाने खरे ठरले, परंतु तोवर पॅरिसमध्ये थांबणे म्हणजे मान गमावणे होते. तो रूआँला एका नातलगाच्या घरी लपला. तेथेच सोफिया किंगडम ही प्लिमथची एक पोरकी इंग्रज तरुणी फ्रेंच शिकण्यासाठी राहत होती. दोघांचे मन जुळले. जुलै १७९३ मध्ये ब्रुनेलने आव्र बंदरातून अमेरिकन जहाज गाठले. सोफिया आजारी असल्याने मागे राहिली. जहाज सुटल्यावर परवाना हरवल्याचे त्याच्या ध्यानात आले. वाटेत फ्रेंच युद्धनौकेने झडती घेण्यापूर्वी त्याने दुसऱ्याचा परवाना समोर ठेवून, शिक्क्यासकट, हुबेहूब नक्कल रेखाटली आणि ती तपासनिसांच्या नजरेतून निभावली. आजच्या कोणत्याही देशाच्या विमानतळावर असा प्रवासी थेट कोठडीत जाईल. सोफियाला फ्रान्समध्ये शत्रुराष्ट्राची नागरिक म्हणून अटक झाली. रोबेस्पिएरच्या पतनानंतर तिची सुटका झाली आणि १७९५ मध्ये ती लंडनला पोहोचली.

अमेरिकेत ब्रुनेलने सहा वर्षे काढली. जंगलांची मोजणी, कालव्याचे आराखडे, वॉशिंग्टनच्या संसदभवनाच्या स्पर्धेसाठी एक नकाशा, तोफा ओतण्याचा कारखाना अशी नाना कामे त्याने केली. १७९६ मध्ये तो अमेरिकेचा नागरिक झाला आणि न्यूयॉर्क शहराचा मुख्य अभियंता म्हणून त्याची नेमणूक झाली. एखाद्याने तेथेच आयुष्य काढले असते. परंतु १७९८ मध्ये अलेक्झांडर हॅमिल्टनच्या घरी जेवणाच्या वेळी, ब्रिटिश नौदलाला दरवर्षी सुमारे एक लाख कप्प्या लागतात आणि त्या सगळ्या जवळजवळ हाताने घडवाव्या लागतात, अशी माहिती त्याच्या कानावर आली. त्या माहितीने त्याच्या डोक्यात घर केले. शिवाय लंडनला सोफिया होती. मार्च १७९९ मध्ये तो फॅल्मथ बंदरात उतरला आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला दोघांचा विवाह झाला.

तो उतरला ती वेळ मुद्दाम लक्षात घेण्याजोगी आहे. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात युद्ध पेटलेले होते. परकीयांची नोंदणी सक्तीची करणारा कायदा इंग्लंडने १७९३ मध्येच केलेला होता. अशा वेळी माजी फ्रेंच नौदल अधिकारी ब्रिटिश नौदलाच्या गोदीत जाऊन आपले यंत्र विकू पाहत होता.

कप्पी ही वस्तू आपल्याकडे विहिरीवरची म्हणून परिचित आहे. शिडाच्या जहाजावर प्रत्येक शीड, प्रत्येक आडकाठी, प्रत्येक तोफ दोर आणि कप्पी यांच्या साहाय्याने हलते. चौऱ्याहत्तर तोफांच्या एका युद्धनौकेला नऊशेहून अधिक कप्प्या लागत. वादळात एक कप्पी अडकली तरी शीड फाटे, आणि लढाईत अडकली तर नौका गमवावी लागे. त्या साऱ्या सारख्या मापाच्या, सारख्या मजबुतीच्या असाव्यात ही नौदलाची निकड होती, आणि हाताने घडवलेल्या दोन वस्तू कधीच सारख्या नसतात. (त्याच सुमारास मुंबईच्या गोदीत, सुरतेहून येऊन स्थायिक झालेल्या वाडिया घराण्यातील जमशेटजी बमनजी याच नौदलासाठी सागवानी युद्धनौका बांधीत होते, त्यांची ‘मिंडेन’ ही चौऱ्याहत्तर तोफांची नौका १८१० मध्ये पाण्यात उतरली. गोदीची वस्तीही परक्या हातांनीच वाढते, हे पोर्ट्समथइतकेच मुंबईलाही लागू आहे.)

नौदलाला कप्प्या पुरवण्याचा मक्ता साउदॅम्प्टनच्या टेलर घराण्याकडे होता. ब्रुनेलने आपली योजना प्रथम त्यांनाच दाखवली. त्यांच्या कामात सुधारणेस जागा उरलेली नाही, असे त्यांना वाटत होते. मक्तेदाराला असे वाटणे स्वाभाविकच आहे. त्यानंतर योजना पोहोचली सर सॅम्युअल बेंथॅमकडे. तत्त्वज्ञ जेरेमी बेंथॅमचा हा भाऊ नौदलाच्या बांधकामांचा महानिरीक्षक होता आणि लाकूडकामाच्या यंत्रांवर त्याने स्वतः विचार करून ठेवलेला होता. ब्रुनेलची योजना आपल्यापेक्षा सरस आहे, हे त्याने मान्य केले आणि तिची शिफारस केली. सरकारी अधिकाऱ्याने एका परकीयाच्या बाजूने स्वतःच्या कल्पना मागे घेणे, ही घटना ब्रुनेलच्या बुद्धिमत्तेइतकीच महत्त्वाची आहे. ती घडली नसती तर आराखडे ब्रुनेलच्या पेटीतच राहिले असते.

दुसरा माणूस हेन्री मॉडस्ले. वूलिचच्या शस्त्रागारात लहानपणी कामाला लागलेला हा इंग्रज कारागीर लंडनमध्ये स्वतःचा लहानसा कारखाना चालवीत होता. ब्रुनेलला त्याच्याकडे नेले ते दुसऱ्या एका फ्रेंच निर्वासिताने. कल्पना ब्रुनेलच्या आणि त्या लोखंडात उतरवणारा हात मॉडस्लेचा, अशी ही जोडी जमली. १८०२ मध्ये सरकारी मंजुरी मिळाली आणि पुढील काही वर्षांत पोर्ट्समथच्या गोदीत पंचेचाळीसच्या आसपास यंत्रे बसली. एक यंत्र लाकडाचा ठोकळा कापी, दुसरे त्याला भोक पाडी, तिसरे खाच कोरी, चौथे बाहेरची गोलाई देई. कप्पीतले चाक वेगळ्या यंत्रांवर घडे. सगळी वाफेच्या इंजिनावर चालत. पूर्वी एकशेदहा कुशल कारागीर जे काम करीत ते आता दहा साधे कामगार करू लागले, आणि १८०८ पर्यंत वर्षाला एक लाख तीस हजार कप्प्या तयार होऊ लागल्या. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये टाचणीच्या कारखान्याचे उदाहरण देऊन श्रमविभागणीचा सिद्धांत मांडला होता. तेथे काम माणसांत वाटलेले होते. पोर्ट्समथमध्ये ते यंत्रांत वाटले गेले, आणि सारख्या वस्तूंचे मोठ्या प्रमाणावरील यंत्रोत्पादन जगात प्रथम येथे उभे राहिले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने फोर्डच्या मोटारींपूर्वी शंभर वर्षे मागे जाऊन या कप्प्यांकडे पाहिले पाहिजे.

या चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण स्थलांतरितांची स्तुती करणारे ती सहसा टाळतात. एकशेदहांच्या जागी दहा माणसे पुरू लागली, तेव्हा उरलेल्या शंभरांचे काय झाले, हा प्रश्न कोणी विचारला नाही. साउदॅम्प्टनच्या मक्तेदारांचा धंदा गेला, त्याबरोबर त्यांच्या कारागिरांचाही गेला. पिढ्यान्‌पिढ्या हातात असलेले कौशल्य यंत्रात गेले आणि यंत्राजवळ उभा राहणारा माणूस कमी मजुरीचा झाला. ही झीज ब्रुनेल परका होता म्हणून झाली नाही. मॉडस्लेने एकट्याने ती यंत्रे केली असती तरी तीच झाली असती. परंतु अशा वेळी लोकांचा रोष यंत्राऐवजी परक्या माणसावर सहज वळतो, आणि तो वळवणारेही भेटतात.

लाभाचे खाते मात्र फार लांबवर गेले. पोर्ट्समथच्या कामावर मॉडस्लेच्या कारखान्याचा नावलौकिक झाला. त्या कारखान्यात पुढे जोसेफ व्हिटवर्थ, जेम्स नॅस्मिथ, रिचर्ड रॉबर्ट्स यांसारखी माणसे घडली, आणि त्यांनी मँचेस्टर परिसरात यंत्रे घडवणाऱ्या यंत्रांचा उद्योग उभारला. एका निर्वासिताने आणलेले काम एका स्थानिक कारागिराला मिळाले आणि त्यातून दुसऱ्याच शहराची भरभराट झाली. हा प्रवाह कोणत्याही सरकारी आकडेवारीत दिसत नाही. त्या कप्प्यांच्या यंत्रांपैकी काही तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू होती.

ब्रुनेलला मोबदला म्हणून एका वर्षातील बचतीइतकी रक्कम द्यायचे ठरले होते. ती सतरा हजार पौंडांहून थोडी अधिक भरली. परंतु नौदलाच्या कचेरीने ती देण्यास इतका विलंब लावला की तोवर तो कर्जात शिरला होता. ९ एप्रिल १८०६ रोजी पोर्ट्समथ येथेच त्याचा मुलगा इझंबार्ड जन्मला.

यानंतरची पंधरा वर्षे कल्पनांच्या दृष्टीने श्रीमंतीची आणि व्यवहाराच्या दृष्टीने दारिद्र्याची. लंडनजवळ बॅटरसी येथे त्याने लाकूड कापण्याची गिरणी काढली. १८०९ मध्ये स्पेनमधील कोरुन्याच्या माघारीनंतर परतलेल्या शिपायांचे चिंध्यांत गुंडाळलेले पाय पाहून त्याने सैन्यासाठी बूट तयार करणारी यंत्रे योजली. ती चालवण्यासाठी त्याने युद्धात जायबंदी झालेले शिपाई नेमले आणि दिवसाला चारशे जोड तयार होऊ लागले. सरकारने उत्पादन वाढवण्यास उत्तेजन दिले. १८१४ मध्ये गिरणी आगीत जळाली. १८१५ मध्ये वॉटर्लूची लढाई होऊन शांतता झाली, आणि बुटांचे ढीग ब्रुनेलच्या गळ्यात पडले. एकाच गिऱ्हाइकावर, तेही सरकारवर, विसंबून धंदा वाढवणाऱ्याची जी गत होते ती त्याची झाली. हिशेबात त्याला गती नव्हती आणि ज्यांच्यावर हिशेब सोपवला त्यांना आस्था नव्हती. पुढे त्याची पेढीही बुडाली.

मे १८२१ मध्ये पाच हजार पौंडांच्या कर्जापायी ब्रुनेलला किंग्ज बेंच या कर्जदारांच्या तुरुंगात टाकण्यात आले. रॉयल सोसायटीचा सदस्य, ज्याच्या यंत्रांनी नौदलाचे लक्षावधी कप्प्यांचे काम केले, तो बावन्न वर्षांचा माणूस सुमारे तीन महिने कोठडीत होता. सोफिया त्याच्यासोबत तेथेच राहिली. पूर्वी ती फ्रान्समध्ये शत्रूची नागरिक म्हणून कैदेत होती; आता स्वतःच्या देशात कर्जदाराची पत्नी म्हणून. इतक्या काळात सरकारदरबारी कोणी हलले नाही. हलले ते ब्रुनेलने रशियाच्या झारशी पत्रव्यवहार सुरू केल्यावर. झार अलेक्झांडरने १८१४ च्या इंग्लंडभेटीत त्याचे काम पाहिले होते आणि सेंट पीटर्सबर्गला येण्याचे त्याला निमंत्रण होते. हा माणूस हातचा जाणार, हे ध्यानात येताच ड्यूक ऑफ वेलिंग्टनसारख्यांनी रदबदली केली, आणि रशियाचा नाद सोडावा या अटीवर सरकारने पाच हजार पौंड भरून त्याला सोडवले. पोर्ट्समथमध्ये एका वर्षात वाचलेल्या पैशांच्या एकतृतीयांशाहूनही ही रक्कम कमी होती.

खरे पाहता बुद्धिमान निर्वासिताची किंमत त्याला दुसरा ग्राहक मिळाल्यावरच कळते. फ्रान्सने त्याला घालवले, अमेरिकेने त्याला सहज जाऊ दिले, इंग्लंडने त्याला जवळजवळ गमावले. मनुष्यबळाच्या बाबतीत राष्ट्रे इतकी बेहिशेबी असतात.

तुरुंगातून सुटलेल्या या माणसाने वयाच्या छपन्नाव्या वर्षी असे काम हाती घेतले की ज्याला तोवर कोणालाही यश आले नव्हते. लंडनचा व्यापार वाढत होता, थेम्सच्या दोन्ही तीरांवर नव्या गोद्या होत होत्या, परंतु बंदराच्या बाजूला नदी ओलांडण्यास पूल नव्हता. पूल बांधला तर उंच डोलकाठ्यांची जहाजे अडणार. माल लंडन ब्रिजला काही मैलांचा वळसा घालून जाई. नदीखालून बोगदा खणण्याचा प्रयत्न १८०७-०८ मध्ये रिचर्ड ट्रेव्हिथिकने कॉर्नवॉलचे खाणकामगार घेऊन केला होता. हजार फुटांपर्यंत गेल्यावर पाणी शिरले आणि काम सोडून द्यावे लागले. मऊ, पाणथळ मातीत खणणाऱ्याच्या डोक्यावरचे छप्परच टिकत नव्हते.

ब्रुनेलला उपाय सुचला तो जहाजाचे लाकूड पोखरणाऱ्या एका सागरी किड्यावरून. गोदीत कुजलेल्या लाकडाचे निरीक्षण करताना त्याने पाहिले की हा प्राणी डोक्यावरच्या कठीण कवचाने लाकूड कोरतो आणि मागे राहिलेल्या पोकळीला स्वतःच्या स्रावाने अस्तर लावीत जातो. या तत्त्वावर त्याने १८१८ मध्ये लोखंडी ढालीचे पेटंट घेतले. प्रत्यक्ष बांधलेली ढाल बारा उभ्या चौकटींची, तीन मजली, एकूण छत्तीस कप्प्यांची होती. प्रत्येक कप्प्यात एक कामगार. त्याच्यासमोर आडव्या फळ्या मातीला टेकवून बसवलेल्या. तो एक फळी काढी, चार-साडेचार इंच माती कोरी, फळी पुढे बसवी आणि मग दुसरीला हात घाली. सगळ्या फळ्या पुढे गेल्या की चौकट मळसूत्रांच्या जोराने पुढे रेटत आणि मागोमाग गवंडी विटांचे अस्तर बांधीत येत. ढाल घडवली ती पुन्हा मॉडस्लेच्याच कारखान्याने.

१८२५ मध्ये दक्षिण तीरावर रॉदरहाइथ येथे काम सुरू झाले. पन्नास फूट व्यासाचा विटांचा मनोरा जमिनीवर बांधून, त्याच्या आतली माती उपसत, तो स्वतःच्याच वजनाने जमिनीत उतरवण्यात आला. लंडनकर ते पाहण्यास गर्दी करीत. आतले काम मात्र पाहवत नसे. त्या काळची थेम्स म्हणजे उघडे गटार होते. झिरपणारे पाणी विषारी, हवा कोंदट, वायू मध्येच पेट घेत. कामगारांना ताप येई, काहींची दृष्टी जाई. मुख्य जागेवरचा अभियंता आजारी पडून गेला आणि त्याचे काम विशीतल्या इझंबार्डवर आले. संचालकांना घाई होती. पैसे मिळवण्यासाठी त्यांनी अर्धवट बोगद्यात तिकीट लावून प्रेक्षक सोडण्यास सुरुवात केली. १८ मे १८२७ रोजी नदी आत घुसली. चिकणमातीच्या पिशव्या टाकून भोक बुजवले आणि पाणी उपसले. सारे सुरक्षित आहे हे भागधारकांना पटावे म्हणून त्या नोव्हेंबरात बोगद्यातच मेजवानी झाली. दोन महिन्यांनी, १२ जानेवारी १८२८ रोजी, नदी पुन्हा घुसली. सहा कामगार बुडाले. इझंबार्ड थोडक्यात वाचला. पैसा संपला. बोगद्याचे तोंड विटांनी बंद केले गेले आणि सात वर्षे ते तसेच राहिले.

येथे इतर देशांतला एखादा शोधक थकला असता. ब्रुनेल अर्ज करीत राहिला. १८३४ मध्ये सरकारने सुमारे अडीच लाख पौंडांचे कर्ज मंजूर केले. खासगी भांडवलाने हात टेकल्यावर राज्याने पुढे यावे, हे त्या काळच्या इंग्लंडातील रूढ अर्थविचारात बसणारे नव्हते. परंतु व्यवहार पाठ्यपुस्तकांना फारसा विचारीत नाही, आणि इंग्लंडचा तर मुळीच नाही. नवी, अधिक भक्कम ढाल बसली. नदी आणखी तीनदा आत आली. ब्रुनेलचे वय सत्तरीकडे झुकले होते. दर काही तासांनी, रात्रीसुद्धा, ढालीपुढच्या मातीचा नमुना त्याच्याकडे तपासणीस येई. मार्च १८४१ मध्ये व्हिक्टोरिया राणीने त्याला ‘सर’ हा किताब दिला आणि २५ मार्च १८४३ रोजी बोगदा पादचाऱ्यांसाठी खुला झाला. पहिल्या दिवशी पन्नास हजार लोक त्यातून गेले, पहिल्या पंधरा आठवड्यांत दहा लाख. लंडनची लोकसंख्या त्या वेळी वीस लाखांच्या घरात होती.

धंदा म्हणून मात्र बोगदा फसला. खर्च सहा लाख पौंडांवर गेला. मालगाड्या उतरण्यासाठी लागणारे लांब उतार पैशाअभावी झालेच नाहीत, आणि ज्या मालवाहतुकीसाठी हा खटाटोप होता ती त्यातून कधी गेली नाही. पेनी देऊन लोक खाली उतरत, आठवणीच्या वस्तू विकत घेत आणि परत जात. भागधारकांच्या दृष्टीने ही गुंतवणूक बुडीतच होती. परंतु भागधारकाचा नफा आणि समाजाचा नफा एका तागडीत तोलता येत नाहीत. १८६५ मध्ये ईस्ट लंडन रेल्वेने तो बोगदा विकत घेतला आणि १८६९ मध्ये त्यातून आगगाडी धावली. त्याच वर्षी जेम्स ग्रेटहेड या अभियंत्याने ढालीची सुधारलेली, वर्तुळाकार आवृत्ती वापरून थेम्सखालून दुसरा बोगदा नेला, आणि त्याच पद्धतीवर पुढे लंडनची खोल भुयारी रेल्वे उभी राहिली. ग्रेटहेडचा जन्म दक्षिण आफ्रिकेतील ग्रॅहम्सटाउनचा. आज मुंबईत मिठी नदीच्या पात्राखालून मेट्रो जाते, तो बोगदा ज्या महाकाय यंत्रांनी खणला त्यांच्या पुढच्या भागालाही ढालच म्हणतात.

मार्क ब्रुनेल १२ डिसेंबर १८४९ रोजी, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, लंडनमध्ये वारला. केन्सल ग्रीनच्या दफनभूमीत त्याच्या थडग्यात पुढे सोफिया आणि इझंबार्ड यांनाही विसावा मिळाला.

एकट्या ब्रुनेलवरून सर्व स्थलांतरितांची वकिली करणे मात्र योग्य नव्हे. बंदरावर उतरणाऱ्या हजारांत एखादाच ब्रुनेल असतो, आणि तो कोणता हे उतरताना कोणालाही ओळखू येत नाही. फॅल्मथच्या नोंदणी अधिकाऱ्यालाही ते ओळखता आले नसते. शिवाय इंग्लंडची शहरे ब्रुनेलांनी जितकी उभारली तितकीच आयर्लंडमधून आलेल्या, नाव न उरलेल्या मजुरांनी उभारली. गोद्या, कालवे, रेल्वेचे भराव यांत त्यांची हाडे झिजली, आणि त्यांना ना किताब मिळाला ना रदबदली करणारा ड्यूक. १९०५ मध्ये ब्रिटिश संसदेने परकीयांच्या प्रवेशावर निर्बंध घालणारा कायदा केला तो लंडनच्या पूर्व भागात पूर्व युरोपातील गरीब ज्यूंची वस्ती वाढली म्हणून. त्यांच्यातलाच मायकेल मार्क्स हा तरुण १८८४ मध्ये लीड्सच्या बाजारात एका पेनीला एक वस्तू या भावाने दुकान मांडून बसला होता. ‘मार्क्स अँड स्पेन्सर’ या नावातला मार्क्स तो हाच. उपयुक्त आणि निरुपयोगी अशी माणसांची निवड सीमेवर करता येते, या समजुतीवर अशा कायद्यांची उभारणी असते. त्या समजुतीला ब्रुनेलच्या आयुष्यात आधार सापडत नाही. त्याच्या उपयुक्ततेचा निर्णय तीन देशांनी तीनदा केला, आणि तिन्ही वेळा चुकीचा.

थेम्सखालचा तो बोगदा अजून वापरात आहे. वॉपिंग आणि रॉदरहाइथ या स्थानकांच्या दरम्यान लंडनच्या उपनगरी गाड्या २०१० पासून त्यातून धावतात. २०२४ मध्ये त्या मार्गांना स्वतंत्र नावे देण्यात आली. बोगद्यातून जाणाऱ्या मार्गाला नाव मिळाले ते ‘विंडरश’. जून १९४८ मध्ये जमैका आणि इतर कॅरिबियन बेटांवरचे शेकडो लोक ज्या जहाजाने टिलबरी बंदरात उतरले, त्या जहाजाचे ते नाव आहे.